जुन्या मोटरसायकलचं इंजिन बांधताना लिक्विड गॅस्केट कसं लावायचं

जुन्या इंजिनाच्या जॉइंटमधून तेल पाझरायला लागलं की बहुतेक जणांचा हात आधी सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो, आणि गळती जितकी जास्त तितका पेस्टचा थर जाड. इथेच गाडी बिघडते. लिक्विड गॅस्केटचं काम एकच, दोन चांगल्या, स्वच्छ, सपाट फेसमध्ये, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये, जी बारीकशी फट उरते ती भरून काढणं. वाकडं कव्हर, ओरखडे पडलेली केस (क्रँककेस, इंजिनाचं मुख्य कवच), आटे गेलेला बोल्ट, तुंबलेला ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर पडायची वाट) यातलं काहीही ट्यूबमधून दुरुस्त होत नाही, चार दिवस झाकलं जातं फक्त. म्हणून या सगळ्या कामात पेस्ट लावायला लागतात दहा मिनिटं आणि त्याच्या आधीच्या तयारीला अख्खा दिवस, आणि तो दिवस द्यायची तयारी नसेल तर इंजिन उघडूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कुठली पेस्ट कुठे, कारण सगळ्या ट्यूब सारख्या नसतात आणि दुकानात मात्र सगळं "सिलिकॉन" या एकाच नावाने मिळतं.

पहिली म्हणजे आरटीव्ही सिलिकॉन. ही हवेतल्या ओलाव्याने सेट होते आणि रबरासारखी होते. यातसुद्धा दोन जाती आहेत. जिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ती सेट होताना अॅसिटिक अॅसिड सोडते, त्याने अॅल्युमिनियम आणि तांब्या-पितळेचे भाग खराब होऊ शकतात, तेव्हा इंजिनासाठी न्यूट्रल क्युअर आणि तेलाला टिकणारी अशीच घ्यायची, आणि बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन तर इंजिनाच्या आसपासही आणायचं नाही. थ्रीबॉन्ड १२१५ ही या कामातली चांगली ओळखीची राखाडी पेस्ट. आरटीव्ही थोडी मोठी फट भरते, पत्र्याच्या कव्हरला किंवा जिथे दोन पार्ट गरम झाल्यावर वेगवेगळे हलतात तिथे ती बरी पडते. पण पेट्रोलपुढे साधं सिलिकॉन टिकत नाही, फुगतं आणि सुटतं, म्हणून कार्ब्युरेटरच्या बाऊलला किंवा पेट्रोल कॉकला ते कधीच नाही.

दुसरी म्हणजे सेमी-ड्राइंग, सॉल्व्हंटवाली. थ्रीबॉन्ड ११८४, यामाबॉन्ड ४, होंडाबॉन्ड ४ ही सगळी याच घराण्यातली. यातला सॉल्व्हंट उडून गेला की पातळ, चिवट थर राहतो जो पूर्ण कडक होत नाही. जुन्या गाड्यांच्या क्रँककेसच्या दोन भागांमध्ये, जिथे कंपनीनेच कागदी गॅस्केट दिलेलं नाही, तिथे मला हीच सगळ्यात जास्त आवडते, कारण थर अगदी पातळ बसतो आणि पुढे केस उघडायची वेळ आली तर निघते पण नीट.

तिसरी न सुकणारी, यात हायलोमार सगळ्यांना माहीत. मूळची रोल्स-रॉइसच्या विमानाच्या इंजिनांसाठी तयार झालेली निळी चिकट पेस्ट, ती कायम चिकटच राहते, पेट्रोलला पण दाद देत नाही, आणि पार्ट परत परत उघडावा लागणार असेल तर हिच्यासारखी सोय नाही.

चौथी अनेरोबिक, म्हणजे लॉकटाइट ५१५, ५१८ वगैरे. ही हवा असताना ओलीच राहते आणि हवा बंद झाली, दोन धातूंच्या मध्ये दाबली गेली की सेट होते. हिचा मोठा फायदा असा की आत जी जास्तीची बाहेर येते ती सेट न होता तेलात विरघळून जाते, रबराचे तुकडे पडत नाहीत. पण फेस खरंच सपाट लागतात, पाव मिलिमीटरच्या पुढची फट हिच्या आवाक्याबाहेरची, आणि अॅल्युमिनियमवर ती लोखंडापेक्षा हळू सेट होते म्हणून घाई असेल तर हिचा अॅक्टिव्हेटर वापरतात. बाटली नवीन उघडली की अर्धवट भरलेली दिसते, तेव्हा फसवलं असं समजू नका, आत हवा राहावी म्हणूनच ती मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, हवा नसेल तर बाटलीतच गोठेल.

आता कुठे लावायचं यापेक्षा कुठे लावायचं नाही हे महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण जुनी इंजिनं इथेच मरतात.

जिथे कंपनीने ठराविक जाडीचं कागदी पॅकिंग दिलंय तिथे ते पॅकिंग फक्त गळती थांबवायला नसतं. सिलिंडरच्या खालच्या बेस गॅस्केटच्या जाडीवर पिस्टन आणि हेड यातलं अंतर ठरतं, कॉम्प्रेशन ठरतं, ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात चेनचं टायमिंगसुद्धा किंचित सरकतं. ते काढून नुसती पेस्ट लावली म्हणजे बॅरल, म्हणजे सिलिंडरच, तेवढं खाली बसणार. तसंच काही गिअरबॉक्सच्या कव्हरचं, तिथे पॅकिंगच्या जाडीवर शाफ्टचा एंड फ्लोट, म्हणजे त्याची लांबीच्या दिशेने हलायची मोकळीक, अवलंबून असतो, पॅकिंग गेलं की शाफ्ट आवळला जातो आणि गिअर पडेनासे होतात. म्हणून जुनं पॅकिंग काढलं की त्याची जाडी व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा, तुकडे झाले असले तरी एखादा तुकडा मोजता येतोच, फक्त तो दबलेला असतो हे लक्षात ठेवून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

उलट बाजूने, जिथे कंपनीने पॅकिंग दिलेलंच नाही तिथे पेस्टचा थर वाढवला तर तोही त्रासच. होंडा सीबी७५० सारख्या १९६९ पासूनच्या इंजिनात क्रँककेस आडवी दोन भागात उघडते आणि क्रँकचे मेन बेअरिंग शेल त्याच दोन भागांच्या मध्ये बसतात. तिथला ऑइल क्लिअरन्स, म्हणजे तेलाच्या थरासाठी ठेवलेली फट, असतो साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आता दोन केसच्या मध्ये सिलिकॉनचा जाड थर राहिला तर हा हिशोब कुठे जातो बघा. त्यामुळे बेअरिंगच्या सीटवर आणि तिच्या अगदी काठापर्यंत पेस्ट नाही, काठापासून दोन एक मिलिमीटर कोरी जागा सोडायची. ऑइल गॅलरीच्या, म्हणजे केसमधल्या तेलाच्या वाटेच्या, भोकाभोवती पण तेच. जिथे डॉवेलभोवती (दोन पार्ट नेमके जुळवणारी पिन) ओ-रिंग आहे तिथे ओ-रिंगलाच काम करू द्या, पेस्ट लावली की ती घसरते किंवा तिरकी बसते.

हेड गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही, ते त्या तापमानाचं आणि दाबाचं काम नाही. तांब्याचं गॅस्केट असेल तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवून मऊ करून बसवायचं, आणि फार तर त्यासाठीचा कॉपर स्प्रे.

आणि साध्या कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी आरटीव्ही थापायची सवय असेल तर सोडा. ओलं सिलिकॉन गुळगुळीत असतं, बोल्ट आवळला की पॅकिंग त्यावरून बाहेर सरकतं आणि फाटतं. चांगल्या फेसवर नवीन पॅकिंग कोरडंच बसतं, किंवा हलका हात ग्रीसचा, म्हणजे पुढच्या वेळी सबंध निघेल. अगदीच जुना, खड्डे पडलेला फेस असेल तर सेमी-ड्राइंगचा किंवा हायलोमारचा पुसट थर, बस.

आता साफसफाई. दोन केस सुट्या करताना मधल्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, एकदा पडलेली खाच आयुष्यभर गळते. अडकलं असेल तर आधी कुठे एखादा बोल्ट राहिलाय का ते शोधा, जुन्या गाड्यांत एखादा बोल्ट स्प्रॉकेटच्या मागे किंवा तेलाच्या चिखलाखाली लपलेला असतोच, मग प्लास्टिकच्या किंवा चामड्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत जा, थोडी उष्णता द्या, सुटते.

जुनी पेस्ट आणि पॅकिंग काढायला प्लास्टिकची, लाकडाची किंवा पितळेची पट्टी. जुनं शेलॅक (लाखेचं सीलंट) असेल तर स्पिरिटने भिजवलं की मऊ होतं. वाळलेलं सिलिकॉन सहसा कशात विरघळत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं, चिकाटी लागते. ड्रिल मशीनला लावायचे ते घासणीचे पॅड केसवर फिरवायचा मोह होतो, झटक्यात चकचकीत होतं म्हणून, पण त्या पॅडमधले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण सुटून गॅलरीत जातात आणि तिथून सरळ बेअरिंगमध्ये, आणि ते कण बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कडक असतात. बोल्टची भोकं पण बघा, जोरात आवळून आवळून भोकाच्या काठाचा धातू वर आलेला असतो, नखाने लागतो, मोठ्या ड्रिल बिटने हाताने एक-दोन फेरे फिरवून तो काठ खाली बसवायचा.

सपाटपणा बघायला स्टील पट्टी उभी धरून खाली फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) घाला. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेच शिरत नसेल तर उत्तम. क्लच कव्हर किंवा पॉइंट कव्हर वाकलेलं असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा, फेसवर मार्करने तिरक्या रेघा मारा आणि आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की झालं, जिथे रेघ तशीच राहिली तो खड्डा. पण हे फक्त कव्हरसाठी, आडव्या उघडणाऱ्या क्रँककेसचा फेस असा घासायचा नाही, तिथे घासलं की बेअरिंगचं भोकच लंबगोल होतं, ते मशीन शॉपचं काम आहे.

घासून झालं की सगळं गरम साबणाच्या पाण्याने धुवा, गॅलरीतून हवा मारा, वाळवा, आणि लावायच्या अगदी आधी अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिलने पांढऱ्या सुती फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ यायला लागेपर्यंत पुसत राहायचं. त्यानंतर फेसला बोट लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा पुरतो पेस्ट सोडवायला. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर त्यानंतर त्या पार्टला टॉर्च किंवा वेल्डिंग अजिबात नाही, त्यातून फॉसजीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

यानंतर एकदा कोरडी जोडणी करून बघायची, पेस्टशिवाय, हे बरेच जण टाळतात आणि मग ओल्या पेस्टचे हात घेऊन बसतात. डॉवेल नीट बसतात का, केस हाताच्या दाबाने पूर्ण मिटते का, बोल्ट आवळल्यावर क्रँक मोकळा फिरतो का, सगळे गिअर पडतात का. आटे ढिले असतील तर ते इथेच कळतं आणि हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) घालायला वेळ असतो. बोल्टची लांबी वेगवेगळी असते म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडून बोल्ट खोचून ठेवा. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पेस्ट साठलेली असेल तर ती काढा, बोल्ट खाली जाताना तिला जायला जागा नसते आणि त्या दाबाने केसला तडा जाऊ शकतो.

आता लावायचं. पेस्ट एकाच फेसवर, दोन्हीवर नाही. सेमी-ड्राइंग असेल तर छोट्या ताठ ब्रशने किंवा हातमोज्यातल्या बोटाने इतकी पातळ पसरायची की खालचा धातू किंचित दिसत राहिला पाहिजे. हे वाचायला कमी वाटतं पण सपाट फेसला तेवढीच लागते. बोट फेसच्या आतल्या काठाकडून बाहेरच्या काठाकडे ओढत जायचं, म्हणजे जास्तीची पेस्ट बाहेर साचते, आत नाही. मग ट्यूबवर लिहिलेली तीन-चार मिनिटं थांबायचं, बोट टेकवलं की चिकटतं पण बोटावर फारशी येत नाही अशी झाली की केस मिटवायची.

आरटीव्हीचं उलटं आहे, ती वर साय धरायच्या आत, साधारण पाच-दहा मिनिटांत, पार्ट बसवायलाच हवा. तिची रेघ एक-दीड मिलिमीटरची, कुठेही न तुटलेली, आणि बोल्टच्या भोकापाशी आली की भोकाच्या आतल्या बाजूने वळसा घेऊन पुढे. बाहेरच्या बाजूने नेली तर तेल भोकातून बोल्टच्या आट्याला धरून वर येतं आणि मग तुम्ही जॉइंटमध्ये गळती शोधत बसता. काही स्टड तर आतून थेट तेलात उघडणारे असतात, त्यांच्या आट्यांना स्वतंत्र थ्रेड सीलंट लावावं लागतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे थेंबभर जास्त लागते, ती म्हणजे तीन पार्ट एकत्र येतात तो कोपरा. उभ्या उघडणाऱ्या क्रँककेसच्या ब्रिटिश ट्विन किंवा बुलेटसारख्या इंजिनात दोन केसची रेघ वर बॅरलच्या तोंडाशी येते आणि तिच्यावरून बेस गॅस्केट आडवं जातं. तिथे दोन केसमध्ये बारीकशी पायरी असतेच, नखाने कळते. आधी केसच्या रेघेतून वर आलेली वाळलेली पेस्ट ब्लेडने बरोबर फेसला समतल कापायची, मग त्या रेघेवर मसुराच्या डाळीएवढा थेंब आणि त्यावर गॅस्केट. आडव्या केसच्या जपानी इंजिनात हाच कोपरा क्लच कव्हरच्या खाली येतो. आणि कावासाकी झेड१ च्या कॅम कव्हरखाली जे अर्धचंद्र रबरी प्लग असतात, त्यांच्या दोन टोकांना, जिथे गोलाई संपून सपाट भाग सुरू होतो, तिथे आरटीव्हीचा एकेक ठिपका. पूर्ण कव्हरला नाही, फक्त तिथे. जुन्या इंजिनांच्या बऱ्याच हट्टी गळत्या या ठिपक्यांनीच थांबतात.

केस सरळ खाली बसवायची, एकदा टेकली की उचलायची नाही. उचलावी लागली तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आडवे-तिडवे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, पण जुन्या अॅल्युमिनियमला मॅन्युअलच्या आकड्याच्या वर एक टिचकीही देऊ नका. धातूला धातू बसणाऱ्या केसला हे टप्पे लागोपाठ, मधे न थांबता, पूर्ण टॉर्कपर्यंत न्यायचे. आधी हाताने आवळा, तासभर थांबा, मग पाव फेरा, ही पद्धत सिलिकॉनचाच जाड गॅस्केट बनवायचा असतो तिथली आहे, क्रँककेसला लावली तर मधे थर तसाच राहतो. टॉर्क झाला की लगेच क्रँक फिरवा आणि गिअर टाकून बघा, काही अडत असेल तर पेस्ट ओली आहे तोवर उघडता येतं.

बाहेर अगदी बारीक, सारखी कड आली असेल तर समजा बरोबर झालं. बाहेर जेवढी आली तेवढीच साधारण आतही आलेली असते, म्हणून बाहेर जाड दोरी दिसली तर आत पण तशीच दोरी आहे आणि ती उद्या तुटून तेलाच्या गाळणीत जाणार. सिलिकॉनला निदान चोवीस तास द्या, तोपर्यंत तेल भरायचं नाही. हवा कोरडी आणि थंड असेल तर अजून जास्त.

टू-स्ट्रोकला हे सगळं दुप्पट काळजीने. यामाहा आरडी३५० सारख्या इंजिनात केसमधून तेल बाहेर येण्यापेक्षा बाहेरची हवा आत जाणं जास्त घातक, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणून बांधून झालं की इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बूच लावून बंद करा, हातपंपाने साधारण ६ पीएसआय हवा भरा, आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक सीलवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर जागा सापडली. याच्या फार वर दाब नेऊ नका, क्रँकचे सील बाहेर सरकतात.

एवढं करूनही गळत असेल तर पेस्टला दोष द्यायच्या आधी ब्रीदर बघा. पिस्टन खाली येतो तेव्हा केसमधली हवा दाबली जाते, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती कुठल्याही जॉइंटमधून तेल घेऊन बाहेर येणार, मग कितीही चांगलं सीलंट असो. नळी तुंबलीय का, व्हॉल्व्ह उलटा बसलाय का, रिंगा घासून खालचा दाब वाढलाय का. गळतीची नेमकी जागा शोधायला इंजिन डिग्रीजरने धुऊन, वाळवून, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं चालवा, पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तिथून तेल सुरू होतं. वाऱ्याने ते मागे वाहतं म्हणून डाग खाली दिसतो आणि गळती भलतीकडे असते. जागा सापडली तरी सेट झालेल्या जॉइंटचा बोल्ट अजून थोडा आवळून बघायचा नाही, त्याने सुटलेला थर परत चिकटत नाही आणि आटे मात्र जातात.

पहिलं तेल नेहमीपेक्षा बरंच लवकर काढा आणि गाळणी उघडून उजेडात धरा. राखाडी रबरी दोऱ्या सापडल्या तर आतून पेस्ट सुटतेय, तेव्हा गाडी तशीच पळवू नका, संप (इंजिनाखालचं तेल साठायचं भांडं) काढून तेलाच्या पंपाचं तोंड साफ करा आणि ज्या सांध्यातून ती येतेय तो परत उघडून बांधा.